मुख्यालय, मी स्वयंपाकघर बोलतेय

ज्या कोणा साहेबाने दिल्लीतल्या पंख्याखाली बसून "अधिकाऱ्यांच्या निवासस्थानी कुटुंबीयांचे आपसातील बोलणे अत्यंत अव्यवस्थित रीतीने चालते" हे वाक्य लिहिले, त्याच्यावर आमचा सरळ आरोप आहे: आपल्या स्वतःच्या घरात कोण काय बोलते याची त्याला जन्मात कधी खबर नव्हती. त्याचे नाव आम्हाला ठाऊक नाही. परिपत्रकाखाली सही होती. पण तिच्यातून नाव निघू नये म्हणूनच ती एवढी सराव करून गिरवलेली दिसत होती. तरी आरोप कायम आहे.

तत्त्वाबद्दल मात्र वाद नाही. ज्या राष्ट्राला पुढे जायचे असेल त्याने आधी घरातली हाक सुधारली पाहिजे. हाक हा प्रकारच मुळी मागासलेला. ती कोणीही मारतो, कुठूनही मारतो, तिला जावक क्रमांक नसतो आणि पोचल्याची पावती मिळत नाही. "अहो, ऐकलंत का?" हीच हाक घ्या. कोणी, कोणास, कोणत्या विषयासंबंधी, यांतले काही म्हणता काही तीत नमूद नसते. आणि असल्या मोघम मजकुरावर देशातले कोट्यवधी संसार चालतात! पारतंत्र्यात हे खपून गेले. आता खपणार नाही, असे सरकारने ठरवले.

ठरवण्याचे कारणही भक्कम होते. लढाई संपल्यावर परकी फौजा आपापल्या मुलखात गेल्या आणि जाताना बराकपूरकडच्या एका गोदामात सहाशे इंटरकॉम टाकून गेल्या. हे यंत्र रणगाड्यातल्या माणसाने रणगाड्यातल्याच दुसऱ्या माणसाशी बोलावे म्हणून बनवलेले. आपल्या सरकारकडे तितके रणगाडे नव्हते, पण अधिकारी होते. तेव्हा ती यंत्रे अधिकाऱ्यांच्या घरी बसवावीत हे ओघानेच आले. (ओघ गोदामाकडून गरजेकडे वाहत होता. सरकारी ओघाची तीच नैसर्गिक दिशा आहे.)

पहिला प्रयोग कलकत्त्याच्या गोणपाट तपासणी खात्याकडे आला. बजबजच्या गिरण्यांतून येणाऱ्या गोणपाटाला भोके आहेत की नाहीत हे पाहणे (असतात) आणि ती भोके नियमात बसतात की नाहीत हे ठरवणे (बसतात), हे या खात्याचे काम. खात्याचे उपनियंत्रक मुकुंदराव निजसुरे यांचे घर प्रयोगासाठी निवडले गेले. ते पुण्याहून बदलून आलेले, हाजरा रोडच्या एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे. घर म्हणाल तर बाहेरची खोली, आतली खोली, तिच्याच कोपऱ्यात देवघर, त्याला लागून स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. एवढे ऐसपैस की आत मोहरी तडतडली की बाहेर मुकुंदरावांना शिंक यावी, आणि बाहेर शिंक आली की आतून त्यांच्या आईने "शतायुषी हो" म्हणावे. अशा घरात दूरसंभाषणाची सोय नव्हती, ही गोष्ट खात्याच्या लक्षात येईपर्यंत कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

या घरात एकच माणूस असे होते की ज्याला खरोखर कोणाला तरी काही विचारायचे होते. ती मुकुंदरावांची बायको, कालिंदी.

तिचे असे झाले होते. आषाढात ती रेशनच्या रांगेत उभी होती. दुकानदार कागदावर साडेतीनाचे गुणाकार मांडत घाम पुसत होता. कालिंदीच्या तोंडून आपोआप निघून गेले, "बे औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा..." औट म्हणजे साडेतीन. लहानपणी सांगलीच्या शाळेत पावकी, निमकी, औटकी ज्यांनी छडीच्या तालावर घोकली, त्यांच्या तोंडून ती मरेपर्यंत आपोआपच निघते. रांगेत तिच्या मागे एक चष्मेवाल्या बंगाली बाई होत्या. त्यांनी तिचा दंड धरला.

"ए की मंत्र, दीदी? कोणत्या देवीचा?"

"मंत्र नाही हो, हिशेब आहे," कालिंदी हिंदीत म्हणाली.

या बाई म्हणजे सुचित्रादी. सियालदह स्टेशनामागे एका रिकाम्या वखारीत त्या मुलींची शाळा चालवत. सरहद्दीपलीकडून आलेल्या, फलाटावर दिवस काढलेल्या मुली. शाळेत फळा होता, खडू होता, मुली तर नको तितक्या होत्या. गणिताला बाई नव्हती. कालिंदीने लग्नाआधी शिक्षिकेचे ट्रेनिंग पुरे केले होते आणि लग्नानंतर ते ट्रंकेत ठेवले होते. सुचित्रादी गल्लीत येऊन घर पाहून गेल्या, चहा प्याल्या, म्हणाल्या, "कालिंदीदी, तुम्ही या. पण मला वाट पाहत बसवू नका. मुली गळतात. आज आहेत, उद्या कुठे जातील, कोणाला ठाऊक!"

कालिंदीने त्याच दिवशी नवऱ्याला विचारले. मुकुंदराव म्हणाले, "बघू."

'बघू' हा शब्द ज्याने शोधला त्याचा पुतळा सचिवालयासमोर उभारायला हवा. 'नाही' म्हटले तर कारण द्यावे लागते. 'हो' म्हटले तर पुढचे निस्तरावे लागते. 'बघू' म्हटले की काहीच लागत नाही. आणि मौज अशी की 'बघू' म्हणणारा त्यानंतर तिकडे कधीही बघत नाही. आमच्या अदमासाने सरकारच्या शंभर निर्णयांपैकी सत्त्याण्णव 'बघू' असतात आणि उरलेल्या तिनांची फाइल सापडत नसते. मुकुंदराव चांगले अधिकारी होते. कालिंदीने पुन्हा विचारले तेव्हा त्यांनी थोडा तपशील पुरवला: "बघू. आईला विचारायला हवं." आईला केव्हा विचारणार, असे तिने विचारल्यावर ते म्हणाले, "तेही बघू."

श्रावण उजाडला तरी हेच. सुचित्रादींचा निरोप आला: येत्या शनिवारी सांगा, नाहीतर मी दुसरी बाई पाहते. नेमके त्याच आठवड्यात घरात इंटरकॉम आला.

तो बसवायला शरच्चंद्रबाबू आले. हे गृहस्थ लढाईत फौजेच्या वर्कशॉपात होते, आणि जनरल लोकांची यंत्रे आपण दुरुस्त करीत होतो असे तारेच्या प्रत्येक हातामागे एकदा सांगत. आल्या आल्या त्यांनी भिंतीतली वीज तपासली आणि ती डी.सी. निघाली. यंत्राला हवी होती ए.सी. "बौदी, काही चिंता नाही," असे कालिंदीला (बौदी म्हणजे वहिनी) म्हणून त्यांनी मोटारीच्या दोन बॅटऱ्या मुकुंदरावांच्या टेबलाखाली आणून ठेवल्या, त्यांवर एक डबा बसवला, आणि डब्यातून भुंगा कोंडल्यासारखा आवाज अखंड सुरू झाला. "हा आवाज नाही," शरच्चंद्रबाबूंनी समजावले, "ही शांतता आहे. यंत्र चालू असतानाची."

तारा सगळ्या घरभर फिरल्या. मुख्य पेटी मुकुंदरावांच्या टेबलावर. छोट्या पेट्या तीन: देवघरात, गॅलरीत आणि स्वयंपाकघरात. मुख्य पेटीवरून कोणालाही बोलावता येई. छोट्या पेटीवरून फक्त बटण दाबता येई. मग मुख्य पेटीवर तांबडा दिवा लागे, आणि मुख्य पेटीवाल्याच्या मनात आले तर तो कळ ओढून ऐकून घेई. बोलताना बटण दाबून धरायचे, ऐकताना सोडायचे. दोघांनी एकदम बोलायचे नाही. त्यामुळे जुन्या पद्धतीचे भांडण या यंत्रावर अशक्य होते. ही सोय परदेशात कितपत वापरली गेली ते कळत नाही. पण त्यांनी यंत्रे टाकून दिली हे खरे.

अडचण आली ती स्वयंपाकघराच्या दाराशी. तिथे मुकुंदरावांच्या आई सोवळ्यात उभ्या होत्या.

"हे कशाचं केलंय?" त्यांनी पेटीकडे बोट केले.

"बॅकेलाइटचं, आई," मुकुंदराव बाहेरून म्हणाले.

"ते झाडाला लागतं की जनावराला?"

मुकुंदरावांना हे ठाऊक नव्हते. शरच्चंद्रबाबूंनाही नव्हते, पण ते म्हणाले, "माँजी, जर्मनी में लागता है."

"आणि ही तार कुठून आणली? संडासावरून?"

"उधर शे ही तो शॉर्टकट है, माँजी."

"मुकुंदा, हे ओवळं आहे."

"आई, यंत्र सरकारी आहे."

"मग ओवळंच."

नैवेद्य जिथे शिजतो तिथे असली वस्तू ठेवायची तर तिला रेशमात गुंडाळली पाहिजे, रेशमाला विटाळ नाही, असा त्यांनी निकाल दिला. ट्रंक उघडली. तीत त्यांच्या यजमानांचा मुकटा होता. पूजेला नेसायचे ते रेशमी वस्त्र. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण मुकटा पुण्याहून कलकत्त्याला घडी न मोडता आला होता. सासूबाईंनी त्याची घडीवर घडी घालून जाडजूड खोळ शिवली, पेटीवर चढवली, खालून नाडी आवळली. बटण वरूनच दाबायचे. "ही आता काढायची नाही," त्या म्हणाल्या. आणि वडिलांच्या अंगावरचा मुकटा उतरवा असे तोंडाने म्हणायला मुकुंदराव धजावले नाहीत. अधिकारी असला तरी तो कोणाचा तरी मुलगा असतो.

मग यंत्राची आखणी करायची राहिली. म्हणजे कोणाला कोणत्या घंटीने बोलवायचे, कोणाचा दिवा आधी पाहायचा, कोणी कोणास काय म्हणायचे.

"शाहेब, बोलिए, किसका कितना घोंटी?" शरच्चंद्रबाबू पेचकस हातात घेऊन बसले.

मुकुंदरावांनी दोन दिवस रजा काढून यावर विचार केला. माणसांची नावे यंत्रावर घ्यायची नाहीत, कारण माणसे बदलतात; जागेचे नाव घ्यायचे. म्हणून टेबलाचा तो कोपरा 'मुख्यालय' झाला. ज्येष्ठतेप्रमाणे देवघराला एक लांब घंटी मिळाली, गॅलरीला दोन, स्वयंपाकघराला तीन आखूड. गॅलरीत कोणी राहत नव्हते. पण तिचा दर्जा स्वयंपाकघराच्या वर ठेवावा लागला, कारण ती दर्शनी बाजूस होती. आणि शेवटी नियम लागू झाले:

(क) घरातील कोणतीही विनंती, सूचना वा तक्रार यंत्रावरूनच केली जाईल.

(ख) यंत्राबाहेर, म्हणजे नुसत्या तोंडाने केलेले बोलणे झाले असे धरले जाणार नाही.

(ग) मुख्यालयाने यंत्रावर दिलेला शब्द अंतिम राहील.

सासूबाईंना हे नियम आवडले. सुनेने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही हे ठीक. पण हल्लीच्या मुली 'अहो' सुद्धा अशा सुरात म्हणतात की नाव घेतलेले परवडले. आता कालिंदी "मुख्यालय, मुख्यालय, मी स्वयंपाकघर बोलतेय" म्हणणार होती. यात मर्यादा होती.

पहिल्या दिवशी कालिंदीने खोळीवरून बटण दाबले, "मुख्यालय, मी स्वयंपाकघर बोलतेय. भाजी कसली करू? दुधी की पडवळ?"

मुख्यालयात तांबडा दिवा लागला. मुकुंदरावांनी कळ ओढली, कान लावला. बॅटरीवरचा भुंगा गुणगुणत होता, आणि त्याच्या पलीकडून, तीर्थरूपांच्या घडीवर घडी घातलेल्या मुकट्यातून, दुलईत तोंड खुपसून कोणी बोलावे तसा आवाज आला: "म्म् म्म्म्, म् म्म्म् म्म्?"

आता मुकुंदरावांची अडचण समजून घेतली पाहिजे. यंत्राचा आवाज कसा आहे याचा अहवाल वर पाठवायची मुदत महिन्याच्या पहिल्या तारखेची होती. यंत्र आले त्यानंतर. मुदत चुकवणारे अधिकारी ते नव्हेत. त्यांनी 'आवाज अत्यंत स्पष्ट' असा अहवाल यंत्र यायच्या आधीच पाठवून दिला होता. त्यावर वरून शाबासकी आली होती, आणि उरलेली सगळी यंत्रे ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांच्या घरी पाठवण्याचा हुकूम टाइप होत होता. अशा वेळी "काय म्हणालीस?" असे विचारणे म्हणजे शासनाच्या धोरणाला विरोध करण्यासारखे होते.

म्हणून त्यांनी बटण दाबले आणि म्हणाले, "मंजूर."

हा शब्द कालिंदीला ऐकू आला. यंत्रातून नव्हे, तिकडेही मुकटा आडवा होताच. तो आला सरळ हवेतून, मधल्या दारातून, कारण मुकुंदराव ऑफिसच्या आवाजात बोलले होते. (हवा दोन्ही बाजूंना सारखीच होती. तिच्यातून टेबलावरचा शब्द चुलीपर्यंत येत होता आणि चुलीजवळचा शब्द टेबलापर्यंत जात नव्हता. पदार्थविज्ञानवाल्यांनी याचा शोध घ्यावा. यंत्र येण्यापूर्वीही असेच होते.)

दुधी मंजूर की पडवळ? कालिंदी पळी हातात धरून उभी राहिली. मग तिने पुन्हा बटण दाबले. "मुख्यालय, कोळसा संपत आलाय."

"मंजूर."

तिने खोळीवर पुन्हा बोट टेकले. मग म्हणाली, "तुमचा तो कोपरावर विरलेला तपकिरी कोट भांडीवालीला देऊन टाकू का?"

हा कोट मुकुंदरावांच्या पहिल्या नोकरीचा. त्याला हात लावला तर घरात सुतक पडे.

"मंजूर!" बाहेरून खणखणीत शब्द आला.

कालिंदीने पळी खाली ठेवली. सात वर्षांच्या संसारात तिला 'बघू'खेरीज दुसरा शब्द मिळाला नव्हता. कोट तिने दिला नाही. ती सरळ बाई होती, आणि तिला काय मागायचे ते तिला आषाढापासून पाठ होते. तिला फक्त एक भीती होती. चोरून मिळालेले 'मंजूर' सासूबाईंपुढे टिकेल का? आणि आपल्या मनापुढे टिकेल का? फसवून घ्यायचे असते तर तिने इतके दिवस विचारलेच कशाला असते? जो प्रश्न विचारायचा तो मोठ्याने, स्पष्ट, चारचौघांत विचारायचा; मग ऐकणारा जाणे आणि त्याचा कान जाणे, असे तिने ठरवले.

चारचौघे शुक्रवारी आपण होऊन आले. म्हणजे एकच आले, पण ते चौघांइतके होते: खात्याचे वरचे साहेब, प्रयोग प्रत्यक्ष पाहायला. ते टेबलापाशी बसले, लाडू खाल्ला, पेटीवर टिचकी मारली. शरच्चंद्रबाबू दाराशी अटेन्शनमध्ये उभे राहिले.

"हं, निजसुरे. दाखवा चालवून."

मुकुंदरावांनी तीन आखूड घंट्या दिल्या. आत कालिंदी कणकेचे हात धुऊन पेटीपुढे उभी राहिली. देवघरात सासूबाईंची माळ थांबली. कालिंदीने बटण दाबले आणि एकेक शब्द सुटा करत, वर्गात शुद्धलेखन घालावे तशी म्हणाली:

"मुख्यालय, मी स्वयंपाकघर बोलतेय. सियालदहच्या शाळेत गणित शिकवायला जाऊ का? रोज अकरा ते चार. सुचित्रादींना उद्या सांगायचंय. जाऊ का?"

टेबलावरच्या पेटीतून आले: "म्म्म्म्, म् म्म्म्म् म्म् म्म्म्..." बराच वेळ आले.

खोलीत शांतता पसरली. (यंत्र चालू असतानाची.) मुकुंदराव साहेबांच्या तोंडाकडे पाहू लागले. साहेब पेटीकडे पाहू लागले. साहेबांनी परवाच बाकीच्या यंत्रांच्या हुकमावर सही केली होती.

"वा!" साहेब म्हणाले. "फारच स्पष्ट. शेजारी बसून बोलल्यासारखं."

"होय सर. अगदी शब्दन्‌शब्द," मुकुंदराव म्हणाले.

"जनरल शाहेब का शेट भी एइशा नहीं था," शरच्चंद्रबाबूंनी दारातून दुजोरा दिला.

"काय विचारताहेत त्या?" साहेबांनी सहज विचारले.

मुकुंदरावांनी लाडवांची बशी साहेबांकडे सरकवली. "ते... घरगुतीच आहे, सर."

"अहो, मग ताटकळत काय ठेवता? द्या की उत्तर! बायकोला ताटकळत ठेवू नये, निजसुरे. मी कधी ठेवत नाही."

"मंजूर," मुकुंदराव म्हणाले.

आत कालिंदीने बटण सोडले. देवघरातून सासूबाई उठून आल्या. सून काय विचारते ते त्यांना नीट ऐकू गेले होते, कारण देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यात फक्त एक पडदा होता आणि त्यांचा कान टेबलापाशी बसलेला नव्हता.

"शाळेत जायचं म्हणालीस तू?"

"हो, आई."

"रोज?"

"रोज. आपला स्वयंपाक आटोपून जाईन."

"आणि मुकुंदा मंजूर म्हणाला?"

"तुम्ही ऐकलंत ना, आई."

सासूबाई खोळीकडे पाहत राहिल्या. "मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, कालिंदी. तोंडावर सांगते. आपल्यात कोणी गेलं नाही." मग त्यांनी पदर सारखा केला. "पण विचारणं ह्यांच्या मुकट्यातून गेलं, आणि त्याला होकार आला. ह्यांच्या अंगावरच्या वस्त्राआडून गेलेला शब्द आता मी कशी मोडू? जा. पण डबा ने. बाहेरचं खायचं नाही."

ज्या आईला विचारायचे म्हणून आषाढापासून थांबून राहिले होते, त्या आईला विचारण्याचे काम असे परस्पर उरकले.

शनिवारी निरोप गेला. सोमवारी मुकुंदराव ऑफिसला निघाले तेव्हा कालिंदीही पातळ बदलून, डबा आणि छत्री घेऊन दाराशी उभी होती.

"कुठे निघालीस गं?"

"शाळेत."

"कुठल्या शाळेत?"

"सियालदहच्या. तुम्हीच तर मंजूर केलंत."

"मी? केव्हा?"

"शुक्रवारी. तुमचे साहेब साक्षीला होते. शब्दन्‌शब्द ऐकू आला म्हणालात की."

मुकुंदराव परत येऊन खुर्चीत बसले. त्यांना दोनच वाटा होत्या. एक, आपल्याला काही ऐकू आले नव्हते असे सांगायचे. म्हणजे यंत्र बेकार, अहवाल खोटा, साहेब बहिरे आणि एका स्वतंत्र राष्ट्राच्या सहाशे यंत्रांचे धोरण पाण्यात. दोन, बायकोला शाळेत जाऊ द्यायचे. त्यांनी तिसरी वाट शोधली. ते उठून स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले, तिला तिथे बोलावले आणि हळूच म्हणाले, "हे बघ, कालिंदी, त्या शाळेचं... आपण जरा बघू."

"हे यंत्रावरून सांगा," कालिंदी म्हणाली. "नुसत्या तोंडाचं धरायचं नाही, असा तुमचा नियम आहे."

ते टेबलाशी गेले. बटण दाबले. मग त्यांच्या लक्षात आले की दिलेला शब्द अंतिम असतो, हाही आपलाच नियम. त्यांनी बटण सोडले. कालिंदी जिना उतरून गेली. गल्लीच्या तोंडाशी ट्राम उभी होती.

ती रोज जाऊ लागली. जगबुडी झाली नाही. मुकुंदरावांना वेळेवर जेवण मिळे, धुतलेले कपडे मिळत. आणि बायकोच्या नोकरीला उत्तेजन देणारा पुरोगामी अधिकारी म्हणून ऑफिसात नाव झाले, ते त्यांनी विनयाने स्वीकारले. दुसऱ्या शहरांतल्या अधिकाऱ्यांच्या घरीही यंत्रे लागली. सगळीकडून 'आवाज अत्यंत स्पष्ट' असेच अहवाल आले. कोणाकडे मुकटा होता, कोणाकडे नव्हता. अहवालात फरक नव्हता.

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी खोळ उसवून मुकटा धुवायला काढला. दुसऱ्या दिवशी यजमानांचे श्राद्ध होते. मुकटा गॅलरीतल्या दोरीवर वाळत होता आणि स्वयंपाकघरातली पेटी पहिल्यांदाच उघडी होती. संध्याकाळी कालिंदी शाळेतून आली ती धापा टाकतच. पायही न धुता तिने बटण दाबले. तिला काही मागायचे नव्हते. तिला सांगायचे होते.

"मुख्यालय... अहो! ऐकलंत का? ती खुलन्याची मुलगी आहे ना, फलाटावर आई गमावली ती, आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. आज बोलली! मी फळ्याकडे तोंड करून औटकी म्हणत होते, तर मागून ही माझ्याबरोबर म्हणायला लागली. सबंध म्हटली हो! मराठीतून! सगळा वर्ग रडला. सुचित्रादी रडल्या. मी पण..."

रणगाड्याच्या गडगडाटात ऐकू जावे म्हणून बनवलेले यंत्र ते. मध्ये रेशमाचा एक धागाही नव्हता. आवाज असा खणखणीत निघाला की समोरच्या इमारतीतली बौदी गॅलरीत येऊन उभी राहिली, खालच्या पानवाल्याने मान वर केली, देवघरात सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

टेबलाशी मुकुंदरावांनी वर्तमानपत्राचे पान उलटले, डावा हात लांब करून बटण दाबले आणि म्हणाले, "मंजूर."

वाचकहो, तुम्ही हसलात ते दिसले. हसा. तुमच्या घरी यंत्र नाही, मुकटा नाही, साहेब तपासायला येत नाहीत. तुमचा कान आणि घरातले माणूस यांच्यामध्ये नुसती हवा आहे. हे वाचायला बसल्यापासून त्या हवेतून कोणीतरी तुम्हाला काही सांगून गेले, आणि तुम्ही मान वर न करता "हूं" म्हणालात.

काय सांगितले?

उठू नका. आत जाऊन विचारू नका. बसल्या जागी उत्तर द्या.